दोन पावलांचा एक फेरा

माझ्या बायकोच्या उजव्या गुडघ्यातली गादी झिजत चालली आहे हे आम्हाला कळलं, तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. ती अंगणवाडीत काम करते. तीन ते सहा वर्षांची पोरं, आणि त्यांच्याबरोबर दिवसभर खाली बसणं, उठणं, पुन्हा बसणं. एका दिवसात ती किती वेळा खाली बसते ते मी तिला एकदा मोजायला सांगितलं होतं. दुपारपर्यंत एकेचाळीस झाले. मग तिने मोजणं सोडून दिलं, कारण मोजण्याच्या नादात एका पोराने खडू खाल्लेला तिला दिसला नव्हता.

अलिबागच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून आम्हा दोघांना दाखवला. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यात जी काळी फट दिसते, ती डाव्या गुडघ्यात सारखी होती आणि उजव्यात आतल्या बाजूला अरुंद झाली होती. डॉक्टर म्हणाले की सांधा बदलता येतो, पण बदललेला सांधा जन्मभर पुरेलच असं नाही, आणि तिचं वय अजून कमी आहे. जितकी वर्षं पुढे ढकलता येईल तितकं चांगलं. त्यासाठी मांडीचे स्नायू मजबूत हवेत आणि गुडघ्यावर भार कमी हवा. त्यांनी सायकल सुचवली. "पण हलकी चालवायची, ताई. ताकद लावायची नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं. आठ महिन्यांनी परत यायचं आणि मग ऑपरेशनचं ठरवायचं, असं ठरलं.

शेजारच्या खोलीत व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिने बायकोला जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवलं आणि पंधरा मिनिटं चालवून घेतलं. मी त्या वेळी खाली एक्स-रेची दुसरी प्रत घ्यायला गेलो होतो. वर आलो तेव्हा ती मुलगी निळ्या शाईने एका कागदावर सूचना लिहीत होती. तो कागद अजून माझ्याकडे आहे. सपाट रस्त्यावर मिनिटाला साठ ते सत्तर फेरे. चढावर पन्नासच्या खाली नको. पाय जड लागला की गिअर हलका करा. तरीही जड लागला तर सायकलवरून उतरा. चार ओळी. त्यांत न समजण्यासारखं काही नाही, आणि मला सगळं समजलं असंच मी धरून चाललो.

मी रस्ते मोजणारा माणूस आहे. बांधकाम खात्यात तेवीस वर्षं झाली. कुठला रस्ता किती रुंद, कुठे खडी किती जाड पसरली, कुठला चढ किती मीटरला किती वर जातो, हे वहीत लिहायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. चुकीच्या मोजमापाखाली मी आजवर सही केलेली नाही. बायकोला कागद मिळाला त्या संध्याकाळी मी शंभर पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि डोक्यावर लिहिलं: तारीख, अंतर, वेळ, गिअर, मिनिटाला फेरे, गुडघा.

सायकली दोन घेतल्या, एकसारख्या. पुढे बेचाळीस दात्यांचं एकच चक्र, मागे सात चकत्या, सगळ्यात लहान चौदा दात्यांची आणि सगळ्यात मोठी अठ्ठावीसची. मागची चकती मोठी तेवढं पायडल हलकं, हे दुकानदाराने समजावलं. ते मला आधीपासून माहीत होतं, तरी मी ऐकून घेतलं.

आम्ही रेवदंड्याजवळ राहतो. नवरात्र संपल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. रस्ता चौलवरून नागावकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा, जवळजवळ सपाट. नागावच्या पलीकडे एक रसवंती आहे, तिथपर्यंत साडेआठ किलोमीटर. जाताना मोजायचं, येताना रमतगमत यायचं. ती पुढे, मी मागे. घड्याळ माझ्या मनगटावर. तिने मागची अठ्ठावीसची चकती लावली होती, सगळ्यात हलकी, आणि ती आरामात चालली होती. तिच्या अंगावर साडी नव्हती, आमच्या मुलीने पाठवलेला पंजाबी ड्रेस होता, त्यामुळे पाय नीट दिसत होते. मी एक मिनिट मोजलं. एकशे अठरा.

मी तिला हाक मारून थांबवलं. म्हटलं, फार जोरात होतंय, सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट.

ती म्हणाली, "तिथे मी असंच चालवत होते. ती मुलगी म्हणाली, काकू, अगदी बरोबर."

"तिथली सायकल जागच्या जागी," मी म्हणालो. "तिला रस्ता नाही, वजन नाही. ती वेगळी."

हे मी इतक्या खात्रीने बोललो की ती गप्प बसली. मग मी एकेक करून गिअर जड करत नेले. दर गिअरला मोजायचं. शंभर, ब्याऐंशी, बहात्तर. शेवटी चौदाच्या चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर, बासष्ट आले. सायकलचा वेग साधारण तोच राहिला, पाय निम्म्याने हळू झाले, आणि मला वाटलं, जमलं. वहीत मी लिहिलं: गिअर चौदा, फेरे बासष्ट, गुडघा ठीक.

पुढचे आठ महिने आम्ही आठवड्यातून पाच दिवस हाच रस्ता केला. रसवंतीला पोचायला पंचेचाळीस मिनिटं लागत. एखाद-दोन मिनिटं इकडेतिकडे. वाटेत दर दहा मिनिटांनी मी मोजायचो आणि मागून सांगायचो, एकसष्ट, छान. सदुसष्ट, जरा हळू. अठ्ठावन्न, थोडं वाढव. माझी मोठी वहिनी चार दिवस राहायला आली होती. तिने फाटकात उभं राहून आमची वरात पाहिली आणि बायकोला म्हणाली, "काय गो, हा तुझ्या मागनं म्हशी हाकल्यावानी येतो, व्हय? वाट चुकशील म्हणून येतो का दूध चोरशील म्हणून?" बायको खूप हसली. मीही हसलो. त्यानंतर काही दिवस बायको मला सायकल काढताना विचारायची, "गुराखी तयार का?"

रविवारी आम्ही खाडीवरचा पूल ओलांडून काशीदच्या बाजूला जायचो. तिचं माहेर काशीदच्या पलीकडे. आई एकटी राहते, पंच्याहत्तरीची आहे. काशीदच्या अलीकडे एक चढ लागतो, तो मी नोकरीच्या सुरुवातीला स्वतः मोजणीची साखळी टाकून मोजलेला आहे. अकराशे मीटर, आणि सगळ्यात वाईट जागी वीस मीटरला एक मीटर वर. गाडीने जाणाऱ्याला तो जाणवतही नाही. सायकलवर मात्र तिथे माणसाला आपल्या शरीराचं वजन कळतं.

सपाटीवर आणि चढावर पायाचं गणित वेगळं असतं. सपाटीवर सायकल आपण होऊन थोडी वाहत असते, पाय फक्त तिला आठवण करून देतात. चढावर प्रत्येक फेऱ्यात सायकल मागे ओढते, आणि फेरा जितका हळू तितका एकेका दाबाचा भार जास्त. म्हणून चढ लागण्याआधीच गिअर हलका करायचा, पाय फिरते ठेवायचे आणि वेग कमी झाला तरी होऊ द्यायचा. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि मी तिला सांगतही होतो. पण तिने गिअर हलका केला की माझ्या मोजणीत फेरे ऐंशी-नव्वद व्हायचे आणि मी म्हणायचो, इतकं नको, पन्नासच्या थोडं वर पुरे, एक गिअर चढव. मग ती वीसच्या चकतीवर दात आवळून, हँडल ओढत, उभी राहून एकेक पाय खाली ढकलत वर जायची. माथ्यावर पोचल्यावर हँडलवर ओणवी होऊन दम खायची. मी लिहायचो: चढ, फेरे बावन्न. नियमात.

पाचव्या महिन्यात गुडघ्यावर सूज दिसू लागली. ती म्हणाली की पायडल खाली दाबताना आत काहीतरी घासल्यासारखं होतं. मी वही उघडली आणि मागची दोन पानं तिच्यासमोर वाचली. एकसष्ट, साठ, बासष्ट, साठ. म्हटलं, आकडा तर बरोबर आहे. तिने वहीकडे पाहिलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती सहाला तयार होती.

अंगणवाडीत तिने प्लॅस्टिकची खुर्ची नेली. आजवर ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. एका पोरीने तिला विचारलं, "बाई, तुम्ही मोठ्या झालात का?" हे तिने मला घरी येऊन सांगितलं, हसत सांगितलं, पण सांगताना भिंतीला हात लावून उठली. वहीतल्या शेवटच्या रकान्यात 'ठीक' जाऊन 'दुखतो' आलं, मग 'सूज', मग 'जिना कठीण'.

मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. त्याआधीच्या रविवारी दुपारी ती जरा आडवी झाली होती आणि मी जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसलो. डॉक्टरांना शंभर पानं कोण दाखवणार, म्हणून एका पानावर गोषवारा करावा असं ठरवलं. एकूण दिवस, एकूण किलोमीटर, सरासरी वेळ, सरासरी फेरे. ते झाल्यावर मला वाटलं, एका फेऱ्याला सायकल किती पुढे जाते तेही काढावं. त्याची गरज नव्हती. पान नीटनेटकं दिसलं असतं, इतकंच.

साडेआठ किलोमीटर म्हणजे साडेआठ हजार मीटर. पंचेचाळीस मिनिटं, मिनिटाला साठ, म्हणजे दोन हजार सातशे फेरे. भागाकार केला. एका फेऱ्याला सव्वातीन मीटरसुद्धा नाही, तीन मीटर पंधरा सेंटिमीटर.

मग दुसऱ्या बाजूने ताळा पाहिला. पुढे बेचाळीस दाते, मागे चौदा. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक तीनदा फिरणार. चाकाचा घेर दोन मीटर दहा. तीन गुणिले दोन दहा, सहा मीटर तीस.

बरोबर दुप्पट. आकडे थोडे चुकले असते तर मी घड्याळाला किंवा टायरमधल्या हवेला दोष दिला असता. बरोबर दुप्पट म्हटल्यावर तसं करता येईना. तरी मी बाहेर ओटीवर गेलो आणि चकतीचे दाते मोजले. चौदाच होते. खडूने टायरवर खूण करून चाक जमिनीवर फिरवलं, टेप लावली. दोन मीटर दहा. मग खाली बसलो आणि हाताने पायडल सावकाश फिरवलं. उजवं खाली गेलं, मी मनात म्हटलं, एक. डावं खाली आलं, मी म्हटलं, दोन.

तिथे हात थांबला.

आमचं मूळ घर धरमतर खाडीच्या काठचं. वडील, काका, सगळे मिठागरात. मिठाच्या वाफ्यांचा तळ पाणी सोडण्याआधी पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर मीठ काळं निघतं. घरातले सगळे एका रांगेत उभे राहून तुडवत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आणि रांगेच्या टोकाला वडील मोजत. उजवा पाय एक, डावा पाय दोन. दोनशे झाले की रांग एक पाऊल पुढे सरकायची. सातव्या वर्षापासून दहावी होईपर्यंत मी दर साली त्या रांगेत होतो. पाय खाली पडला की आकडा पुढे जातो, हे तिथेच माझ्या अंगात शिरलं. फेरा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मला कुणी विचारलं असतं तर मी कागदावर वर्तुळ काढून दाखवलं असतं. पण तिच्या मागून सायकल चालवताना मी वर्तुळ पाहिलंच नाही. खाली पडणारे पाय पाहिले, आणि जसे आयुष्यभर मोजले तसे मोजले.

म्हणजे मिनिटाला साठ नव्हते, तीस होते. चढावर सव्वीस. आणि त्या पहिल्या सोमवारी, अठ्ठावीसच्या चकतीवर, ती स्वतःहून एकोणसाठ फेऱ्यांनी चालली होती. सांगितलं होतं ते पहिल्याच दिवशी, मी थांबवेपर्यंत, तिने जवळजवळ अचूक केलं होतं. मग मी आठ महिने तिच्याकडून त्याच वेगाने, दुप्पट जोर लावून, सायकल ओढून घेतली.

ताळा पाहायला लागणारा प्रत्येक आकडा वहीत पहिल्या दिवसापासून होता. अंतर होतं, वेळ होती, गिअर होता. मी त्यांचा गुणाकार केला नव्हता.

ती उठून चहा ठेवायला गेली. मी आत गेलो आणि काही बोललो नाही. मनाशी ठरवलं की मंगळवारी डॉक्टरांसमोरच सांगू, म्हणजे पुढे काय करायचं तेही लगेच कळेल. हे कारण मी स्वतःला दिलेलं होतं. खरं कारण, मला तिची भीती वाटत होती, ती रागावेल याची नाही, ती काहीच बोलणार नाही याची. सोमवारी सकाळी ती सहाला तयार होऊन आली तेव्हा मी म्हटलं, आज राहू दे, उद्या जायचंच आहे. तिला बरंच वाटलं.

मंगळवारी डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. सुजेवर दोन बोटं ठेवली. नवा एक्स-रे त्या दिवशी काढला नाही. विचारलं, व्यायाम सांगितल्याप्रमाणे झाला का.

बायको म्हणाली, "एक दिवस चुकला नाही. ह्यांनी वही ठेवली आहे." आणि तिने माझ्याकडे पाहिलं, मी ती काढून द्यावी म्हणून. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो माझ्याबद्दल होता.

मी वही दिली. डॉक्टर पानं उलटत गेले. गोषवाऱ्याचं पान मी फाडून ठेवलं होतं. ते म्हणाले, असे पेशंट मिळत नाहीत हो, इतकं नीट कोणी करत नाही. मग चष्मा काढून म्हणाले की हलका व्यायाम आठ महिने नियमाने करूनही सूज येते आहे, म्हणजे आता व्यायामाने भागणार नाही. फार लांबवण्यात अर्थ नाही. पावसाळ्यानंतरची तारीख धरूया. त्यांनी समोरची डायरी ओढली.

बायको मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिने विचारलं, नंतर खाली बसता येईल का. डॉक्टर म्हणाले, खाली बसणं सोडावं लागेल.

मी म्हणालो, "डॉक्टर, ती वही चुकीची आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. पाय मोजले, फेरे नाही. सगळे आकडे दोनाने भागायचे. गिअर मी जड करायला लावले. हलका व्यायाम झालेलाच नाही, एक दिवसही नाही. पहिल्या दिवशी झाला होता, तो मी थांबवला. हे बोलायला मिनिटभर लागलं असेल. बोलताना मी डॉक्टरांकडे पाहत होतो.

डॉक्टरांनी डायरी मिटली नाही, पण पेन खाली ठेवलं. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या मुलीला बोलावलं आणि बायकोला पुन्हा त्या सायकलवर बसवायला सांगितलं. या वेळी मी तिथेच उभा होतो. ती मुलगी बायकोच्या एका गुडघ्यावर नजर ठेवून मोजत होती, फक्त उजवा वर आला की एक. बायकोने कुणी न सांगता साठ धरले. डॉक्टर म्हणाले, तीन महिने असं करा, मग एक्स-रे काढू. तोवर तारीख नको. मला त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. चौल आलं. मग बाहेर पाहतच म्हणाली, "आठ महिने माझा पाय मला सांगत होता. मी त्याला म्हणत होते, गप्प बस, ह्यांनी मोजलंय."

मी म्हटलं, माझं चुकलं.

"कधी कळलं?"

"परवा. रविवारी."

"परवापासून बोलला नाहीत." मग म्हणाली, "काल मला बरं वाटलं होतं, सुट्टी मिळाली म्हणून."

घरी आल्यावर मी वही फाडून टाकतो म्हणालो. ती म्हणाली, "फाडू नका. डॉक्टरांना लागेल. वर मोठ्या अक्षरात लिहा, दोनाने भागा. आणि यापुढे तुम्ही मोजायचं नाही." मी लाल पेनाने पहिल्या पानावर लिहिलं, दोनाने भागा, खाली तारीख आणि सही. चुकीच्या मोजमापाखालची ती माझी पहिली सही.

पावसाळ्यात रस्त्यावर जाणं शक्य नव्हतं. सायकल दुरुस्तीवाल्याकडून मी मागचं चाक अधांतरी ठेवणारा स्टँड आणला आणि सायकल ओटीवर उभी केली. मागची मोठी चकती बदलून चौतीस दात्यांची बसवून घेतली. ती रोज संध्याकाळी अंगणवाडीतून आली की चालवायची आणि स्वतः मोजायची, पोरांना शिकवते त्याच सुरात, एक, दोन, तीन, ठणठणीत आवाजात. पस्तीस झाल्यावर कधीकधी ती थांबून कुणाला तरी हाक मारायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. आकडा चुकल्याचं तिला काही वाटायचं नाही. पाय बरोबर आहे ना, एवढंच ती पाहायची. मी आत बसायचो. पहिले दहा-बारा दिवस माझ्या पायाचा अंगठा फरशीवर ठोके द्यायचा. मी तो दुसऱ्या पायाने दाबून धरायचो.

त्या दिवसांत ती माझ्याशी रागाने वागली असं म्हणता येणार नाही. जेवायला वाढायची, मुलीचा फोन आला की मला द्यायची. पण आधी जे विचारायची ते विचारणं बंद झालं होतं. गॅसची टाकी किती दिवस पुरेल, अलिबागला जायला किती वाजता निघू, कुकरच्या किती शिट्ट्या. इतकी वर्षं हे सगळं ती मला विचारत आली होती आणि मला वाटायचं की तिला ते ठरवता येत नाही.

जुलैत सूज उतरायला लागली. ऑगस्टच्या शेवटी ती एकदा जिना कठड्याला हात न लावता चढली आणि वर गेल्यावर तिने कुणालाच काही सांगितलं नाही. मी खालून पाहिलं होतं.

सप्टेंबरात एक्स-रे झाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी धरले. म्हणाले, सूज नाही, वाकणं सुधारलं आहे, आत्ता ऑपरेशन नको, वर्षाने पाहू. बायकोने डोळे मिटून घेतले आणि उघडले. मी त्या दोन फोटोंत हाडांमधली फट पाहत होतो. मला टेप लागत नाही. नव्या फोटोत ती आणखी अरुंद होती.

मी विचारलं, हे त्या आठ महिन्यांमुळे का. डॉक्टर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. काही झीज तशीही झाली असती. जी झाली ती भरून येत नाही."

मी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे. त्याचं उत्तर काढायला याच बाईचा दुसरा उजवा गुडघा लागेल, ज्याला आठ महिने कुणी मागून आकडे सांगितले नाहीत. तो नाही. तेव्हा किती झीज माझी आणि किती वयाची, हे मोजता येत नाही. मोजता येत नाही म्हणून ते शून्य धरायचं, असं मी करत नाही. करू पाहिलं होतं, एक-दोनदा.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी ती म्हणाली, आईकडे जाऊ, सायकलने. मी म्हटलं, चढ आहे. ती म्हणाली, माहीत आहे.

पुलावरून, कोर्लईवरून आम्ही गेलो. ती पुढे, मी बराच मागे. बोर्लीला थांबून चहा घेतला. ती स्वतःहून म्हणाली की गुडघा चांगला आहे. चढाच्या पायथ्याशी, मी काही बोलायच्या आत, तिने गिअर सगळ्यात हलका केला. सायकल इतकी हळू झाली की बाजूने चालणारा माणूस पुढे गेला असता, पण पाय गोल फिरत होते, एकसारखे, आणि ती बसूनच होती. मुंबईकडच्या गाड्या काशीदच्या किनाऱ्याला निघाल्या होत्या. एकीतून कुणीतरी अंगठा दाखवला. तिने पाहिलं नाही. ती मान थोडी खाली घालून, कान देऊन ऐकल्यासारखी चालवत होती.

मी मोजलं नाही. एवढं मी लिहू शकतो.

बराच चढ संपल्यावर, रस्ता डावीकडे वळतो तिथे, ती थांबली. पाय टेकवून उतरली, सायकल कडेच्या दगडाला लावली आणि उजवा गुडघा हाताने धरून उभी राहिली. मी जवळ गेलो. दुखतंय का, मी विचारलं. नाही, ती म्हणाली, पण पुढच्या दहा-वीस फेऱ्यांत दुखेल.

तिथून माथा तीनशे मीटर. तेवढ्यातले शेवटचे शंभर जवळजवळ सपाट आहेत. तो वळणाचा दगडही माझ्या वहीत आहे, बावीस वर्षांपूर्वीच्या. सांगितलं असतं तर ती कदाचित चढली असती. आई वाट पाहत होती, तिने सकाळीच तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या होत्या.

"आज इथपर्यंतच," ती म्हणाली. "आईला फोन करा, पुढच्या रविवारी एसटीने येते म्हणून सांगा."

मी फोन लावला आणि तसंच सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, कुठपर्यंत आलात. मी म्हटलं, चढावर आहोत. किती राहिलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते तिला विचारा, आणि फोन तिच्या हातात दिला.